स्केटिंग शिकताना सुरक्षितपणे पडायचे कसे? सोलापुरातील जाणकारांचा सल्ला हवा आहे

जुळेसोलापूरची_आई

नमस्कार. माझ्या ८ वर्षांच्या मुलीला या उन्हाळ्याच्या सुटीत स्केटिंग शिकायचे आहे आणि तिच्याबरोबर आपणही शिकावे असे माझ्या मनात आहे. माझे वय ३९ आहे. आम्ही जुळे सोलापुरात राहतो. आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगला शहाबादी फरशी आहे आणि संध्याकाळी गाड्या परतण्याआधी तिथे बऱ्यापैकी मोकळी जागा मिळते. मुलीच्या मावशीने तिला बुटावर पट्ट्याने आवळायचे चार चाकांचे स्केट दिले आहेत. माझ्यासाठी अजून काही घेतलेले नाही.

गेल्या दिवाळीच्या सुटीत शेजारच्या मुलाचे मनगट स्केटिंग करताना मोडले. तेव्हापासून सासूबाईंचा या खेळाला विरोध आहे आणि त्यांची काळजी मला अनाठायी वाटत नाही, कारण शिकणारा माणूस पडणार हे उघड आहे. म्हणून मला केवळ चांगल्या क्लासचे नाव नको आहे. नीट पडायला शिकवता येते का, येत असेल तर पहिल्या दिवशी मुलीकडून नेमके काय करून घ्यावे, आणि संरक्षक साहित्यातले कोणते खरोखर लागते व कोणते नुसते शोभेचे असते, हे अनुभवी मंडळींनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

चाकांवरचा_मास्तर

ताई, पडायला शिकवता येते, आणि माझ्या मते पुढे चालायला शिकवण्याआधी तेच शिकवले पाहिजे. मी अनेक वर्षे नवशिक्या मुलांना शिकवतो आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

नवशिक्या बहुतेक वेळा मागे पडतो. पायाखाली चाके आली की माणूस घाबरून ताठ उभा राहतो, गुडघे सरळ होतात आणि शरीराचा भार टाचांवर जातो. चाके पुढे सटकतात, धड मागे राहते आणि सवयीने दोन्ही हात मागे जमिनीकडे जातात. मनगट, माकडहाड आणि डोक्याची मागची बाजू या तिन्ही ठिकाणी मार बसतो तो अशा पडण्यात. सुरक्षितपणे पडण्याची सगळी तयारी म्हणूनच उभे राहण्याच्या पद्धतीपासून सुरू होते. गुडघे इतके वाकलेले असावेत की वरून पाहताना ते पायाच्या बोटांच्या रेषेत दिसतील, धड किंचित पुढे झुकलेले असावे आणि दोन्ही हात सतत आपल्या डोळ्यांसमोर दिसत राहावेत. मी मुलांना वारंवार एकच विचारतो, 'हात दिसतात का?' हात दिसेनासे झाले की मूल मागे जाऊ लागले आहे हे मला कळते आणि काही दिवसांनी ते त्याचे त्यालाही कळू लागते.

तोल जातो आहे असे वाटले की सावरण्याची धडपड करू नये, आधी खाली बसावे. कंबरेची उंची जितकी कमी होईल तितका मार कमी बसतो, आणि बरेचदा तेवढ्यानेच तोल परत मिळतो. हात हवेत गरगरा फिरवत उभे राहण्याचा हट्ट मात्र हमखास अंगाशी येतो.

पडायचेच झाले तर पुढे पडावे, कारण आपले सगळे पॅड पुढच्या बाजूला असतात. आधी खोल वाकून गुडघ्यांचे पॅड जमिनीला टेकवायचे, मग कोपरांचे, आणि सर्वांत शेवटी तळहात. तळहात टेकताना बोटे वर उचललेली असावीत, म्हणजे मनगटाच्या गार्डची कडक पट्टी जमिनीवरून पुढे घसरत जाईल. हे घसरणे फार महत्त्वाचे आहे. शरीर एका जागी आदळून थांबले की सगळा धक्का हाडात जातो, आणि घसरत थांबले की तो जमिनीवर वाटला जातो. थांबल्यानंतर बोटे मिटून मूठ करायची, कारण मागून येणाऱ्या दुसऱ्या मुलाचे चाक उघड्या बोटांवरून जाऊ शकते.

पुढे पडायला वेळच मिळाला नाही आणि तोल मागे गेला, तर हनुवटी छातीला लावायची, हात समोर गुडघ्यांकडे न्यायचे आणि शक्य तितके खाली बसून एका बाजूच्या कुल्ल्यावर टेकायचे. दोन्ही कुल्ल्यांच्या मधोमध बसले तर माकडहाडावर आदळण्याची भीती असते. हात कोणत्याही परिस्थितीत मागे टेकवायचे नाहीत. हा सराव मुलांना सर्वांत कठीण जातो, कारण मागे हात टेकणे ही उपजत प्रवृत्ती आहे आणि ती मोडायला वेळ लागतो.

पहिल्या दिवशी हे सगळे घरातच करून घ्या. आपल्याकडे जाड सोलापुरी चादरी काही कमी नसतात. सतरंजीवर दोन-तीन चादरींची घडी घाला आणि स्केट न घालता, फक्त पॅड, गार्ड आणि हेल्मेट घालून मुलीला आधी गुडघ्यांवर, मग कोपरांवर, मग तळहातांवर उतरायला लावा. सुरुवातीला हळू, मग थोड्या वेगाने, आणि शेवटी तुम्ही अचानक 'खाली' म्हणाल तेव्हा. शब्द कानावर पडताच गुडघे आपोआप वाकू लागले की स्केट घालून तेच चादरीवर करा, तिथे चाके फिरत नाहीत. त्यानंतरच पार्किंगमध्ये उतरा.

अस्थिमित्र

वरील प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे. अस्थिरोगतज्ज्ञ म्हणून दुखापतींच्या बाजूने थोडी भर घालतो.

हात ताठ पसरून त्यावर पडले की शरीराचा सगळा भार तळहातातून मनगटाजवळच्या रेडियस हाडात जातो. मोठ्या माणसांत हे हाड मनगटापासून थोड्या अंतरावर मोडते. मुलांमध्ये त्याच भागात वाढीची कूर्चा असते आणि हाडाची लांबी तिथून वाढते. त्यामुळे मुलाचे मनगट सुजले आणि दाबल्यावर हाडावर दुखत असेल, तर 'मुरगळले असेल' असे म्हणून घरी मालिश करू नये. एक्स-रे काढून घ्यावा. कूर्चेची दुखापत वेळेत कळली तर बहुतेक मुलांत ती छान भरून येते.

दुसरे हाड स्कॅफॉइड. अंगठा ताणला की त्याच्या मुळाशी मनगटावर एक खळगा दिसतो, त्या खळग्याच्या तळाशी हे छोटे हाड असते. तिथे बोटाने दाबल्यावर दुखत असेल तर पहिल्या एक्स-रेमध्ये काही दिसले नाही तरी निश्चिंत होऊ नये. या हाडाची चीर सुरुवातीला अनेकदा दिसत नाही, म्हणून हाताला आधार देऊन १० ते १४ दिवसांनी पुन्हा तपासणी करतात. या हाडाचा रक्तपुरवठा नाजूक असल्यामुळे दुर्लक्ष झाल्यास ते जुळत नाही आणि मनगट कायमचे दुखत राहते.

गार्डचा उपयोग होतो का, असे पालक मला नेहमी विचारतात. १९९६ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये इनलाइन स्केटिंगच्या (एका ओळीत चाके असलेल्या स्केटवरच्या) दुखापतींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात मनगटाचे गार्ड न घालणाऱ्यांमध्ये मनगटाच्या दुखापतीची शक्यता घालणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे १० पट आढळली, आणि कोपराच्या पॅडबाबतही आकडा जवळपास तेवढाच होता. बाजारात मात्र पालक आधी गुडघ्याचे पॅड मागतात आणि मनगटाचे गार्ड 'नंतर बघू' म्हणून राहून जाते. माझे आग्रहाचे सांगणे आहे की हेल्मेटच्या खालोखाल पहिली खरेदी मनगटाच्या गार्डची असावी.

आणखी एक सूचना खास पालकांसाठी. मूल पडताना त्याचा हात धरून वर ओढू नये. ५ वर्षांखालील मुलांचा कोपर अशा हिसक्याने सहज निखळतो, आणि मोठ्या मुलाच्या बाबतीतही हात अडकल्यामुळे त्याला नीट पडता येत नाही. शेजारून चाला, त्याच्या कोपराखाली आपला हात नुसता आधाराला ठेवा, आणि ते पडू लागले की सोडून द्या. सोडणे आईवडिलांना जड जाते, हे मी रोज पाहतो, पण त्या क्षणी सोडणेच हिताचे असते.

डोक्याला मार बसल्यानंतर उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणे किंवा थोडा वेळ शुद्ध हरपणे यांपैकी काहीही दिसले तर हेल्मेट घातलेले होते म्हणून थांबू नका, लगेच रुग्णालय गाठा.

लाल_माती

स्केटिंग मला येत नाही, पण मी तालमीत वाढलो आहे आणि माझ्या भाच्याला चाकांवर पाहून एक गोष्ट लक्षात आली. तालमीत नव्या पोराला डाव शिकवण्याआधी अंग टाकायला शिकवतात. जो अंग ताठ धरतो त्याला लागते आणि जो अंग सैल सोडतो तो उठून पुन्हा उभा राहतो. मास्तरांनी सांगितलेले तेच आहे असे मला वाटते. मात्र माझी एक शंका आहे. ज्युदोत पडताना तळहात जमिनीवर जोरात आपटतात, तर ते इथे चालेल का? भाचा दोन्ही खेळ खेळतो, म्हणून विचारतो.

चाकांवरचा_मास्तर

दादा, अंग सैल ठेवणे, हनुवटी छातीला लावणे आणि पाठ गोलसर करणे या तिन्ही गोष्टी ज्युदोतून जशाच्या तशा घेता येतात. तळहात आपटणे मात्र घेऊ नये. तिथे खाली गादी असते, इथे काँक्रीट किंवा फरशी असते, आणि गार्डमधली कडक पट्टी आपटण्यासाठी बनवलेली नसून घसरण्यासाठी बनवलेली असते. भाच्याला सांगा की चाकांवर असताना हात पुढेच राहतील, बाजूला किंवा मागे जाणार नाहीत. दोन खेळांच्या सवयी सुरुवातीला एकमेकींत मिसळतात, म्हणून काही दिवस त्याला प्रत्येक वेळी आठवण करून द्यावी लागेल.

होटगीरोडकर

साहित्याबद्दल लिहितो. माझ्या दोन्ही मुलांनी इनलाइन स्केटिंग केले आहे, त्यामुळे हे सगळे मी हाताळून पाहिले आहे.

ताई, गुडघ्याचे पॅड घेताना वरची प्लास्टिकची वाटी टणक आणि गुळगुळीत आहे ना, ते पाहा. नवी पेठेत कापडी, नुसत्या स्पंजचे पॅडही दाखवतात. ते व्हॉलीबॉलसाठी ठीक असतात, पण फरशीवर किंवा डांबरावर ते घसरत नाहीत, जागेवर चिकटून बसतात, आणि गुडघा थांबल्यामुळे वरचे धड पुढे फेकले जाते. वाटी नुसती चिकटवलेली आहे की रिबिटने पक्की केली आहे, हेही उलटून पाहावे; चिकटवलेली वाटी दोन-चार घसरण्यांत सुटते. पॅड बांधून मुलीला दुकानातच दोन-तीन वेळा पूर्ण खाली बसवून उठवा. उठल्यावर पॅड पोटरीकडे सरकले असेल तर तो माप चुकल्याचा पुरावा समजा.

मनगटाच्या गार्डमध्ये तळहाताच्या बाजूला वळलेली कडक पट्टी असलीच पाहिजे. काही स्वस्त गार्डमध्ये ती फक्त वरच्या बाजूला असते किंवा नसतेच. तसे गार्ड हातमोज्यापेक्षा वेगळे नाही. गार्ड सर्वांत शेवटी घालावे, कारण ते घातल्यावर स्केटचे पट्टे किंवा बकल आवळता येत नाहीत.

हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटांवर, कपाळ झाकून, आडवे बसले पाहिजे. मागे कलंडलेले हेल्मेट नेमके हवे तेव्हा उपयोगी पडत नाही. पट्टा बंद केल्यावर मुलीला मोठी जांभई द्यायला सांगा. त्या वेळी हेल्मेट डोक्यावर खाली ओढले गेले पाहिजे. स्केटिंग आणि सायकलसाठीच्या युरोपीय मानकाचा 'ईएन १०७८' हा शिक्का आत असतो, तो शोधावा. सायकलचे हेल्मेट साधारणपणे एकाच मोठ्या आघातासाठी बनवलेले असते, त्यामुळे जोराचा मार बसल्यावर वरून चांगले दिसले तरी ते बदलावे.

जुळेसोलापूरची_आई

आपण सर्वांनी इतक्या मनापासून लिहिलेत, त्याबद्दल आभार. हा धागा मी आज सासूबाईंना वाचून दाखवला. हात मागे टेकवायचे नाहीत, हे त्यांनी स्वतः नातीला दोनदा बजावले.

माझ्या तीन शंका उरल्या आहेत. शहाबादी फरशीचे सांधे चाकांना अडतील का? माझ्या वयात, थोडे वजन असताना, सुरुवात करताना वेगळी काळजी घ्यावी का? आणि क्लास निवडताना नेमके काय पाहावे?

चाकांवरचा_मास्तर

फरशीच्या सांध्यांची शंका तुम्ही काढलीत हे फार बरे झाले. शहाबादी फरशी घासून गुळगुळीत झालेली असेल आणि सांधे सिमेंटने भरलेले असतील तर ती शिकायला चालते. सांधे उघडे असतील, किंवा एखादी फरशी शेजारच्या फरशीपेक्षा नखभर जरी वर आली असेल, तर छोटे चाक तिथे एकदम थांबते. चाक थांबले तरी शरीर थांबत नाही, आणि असे तोंडावर पडणे हे सर्वांत अनपेक्षित पडणे असते. अंगठा फिरवून सगळे सांधे एकदा तपासा आणि वाईट जागेभोवती खडूने गोल काढून ठेवा. सांधा ओलांडताना दोन्ही पावले एका रेषेत न ठेवता एक पाऊल अर्धे पुढे ठेवायला शिकवा, म्हणजे एक चाक अडले तरी दुसऱ्या पायावर तोल राहतो. सराव सुरू करण्याआधी खराट्याने जागा झाडून घ्यावी. बांधकामाची कच, वाळूचा एखादा खडा किंवा गाडीतून गळलेले ऑइल यांपैकी काहीही पुरेसे असते. ओल्या फरशीवर तर उतरूच नये.

वेळेबद्दलही सांगतो, कारण सोलापूरचा एप्रिल-मे म्हणजे पारा ४० च्या पुढे. उघड्या काँक्रीटवर आणि डांबरावर संध्याकाळीही इतकी धग राहते की उघडी कातडी घासली तर खरचटण्याबरोबर चटकाही बसतो, आणि घामाने पॅड खाली सरकतात. सकाळी ८ च्या आत सराव उरकावा, आणि अर्ध्या-पाऊण तासाच्या वर नवशिक्याला चाकांवर ठेवू नये. थकलेल्या मुलाचे गुडघे सरळ होऊ लागतात आणि मग ते पुन्हा मागे पडू लागते. गुडघे सरळ दिसू लागले की मूल कितीही आग्रह करो, स्केट काढायला लावा.

तुमच्या वयाबद्दल म्हणाल तर सुरुवात जरूर करा. मोठ्या माणसाला पडण्याची भीती जास्त वाटते, आणि भीतीने तो ताठ होतो. मुळातला फरक तेवढाच आहे. शिवाय उंची आणि वजन जास्त असल्यामुळे आदळण्याचा जोरही जास्त असतो. म्हणून खाली बसण्याचा सराव तुम्ही मुलीपेक्षा जास्त दिवस करा. मांड्यांत ताकद नसेल तर गुडघे वाकवून उभे राहणे दोन मिनिटांतच अशक्य होते, तेव्हा घरी रोज थोड्या उठाबशा सुरू करा. कुल्ल्यांना पॅड असलेली आखूड विजार मिळते, ती मोठ्यांनी अवश्य घ्यावी. आणि मुलगी व तुम्ही एकाच वेळी चाकांवर उतरू नका. एकजण शिकत असताना दुसरी व्यक्ती साध्या बुटांत शेजारी असलेली बरी.

क्लासबद्दल एवढेच सांगेन की चौकशीला गेल्यावर पहिल्या आठवड्यात काय शिकवता, ते विचारा. उत्तरात पडणे, उठणे आणि थांबणे आले पाहिजे. तास सुरू असताना बाजूला उभे राहून पाहा. हेल्मेटशिवाय एकही मूल मैदानात दिसत नाही ना, नवी मुले आणि वेगाने फेऱ्या मारणारी मुले वेगळी ठेवली आहेत ना, आणि एखादे मूल पडले तर मास्तर त्याला उचलतात की स्वतः उठायला वेळ देतात, एवढे पाहिले तरी पुरे. वेगाचे आमिष पहिल्याच महिन्यात दाखवणारा क्लास नवशिक्यासाठी नव्हे.

अस्थिमित्र

ताई, वयासंबंधी एक भर. पूर्वी कधी किरकोळ पडण्यानेही हाड मोडले असेल, थायरॉइडचा त्रास असेल किंवा स्टेरॉइडची औषधे बराच काळ घेतली असतील, तर सुरुवात करण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्या. 'ड' जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे भरपूर ऊन असूनही बऱ्याच स्त्रियांमध्ये आढळते. ती रक्त तपासणीत कळते.

लाल_माती

मास्तर, पडल्यावर उठायचे कसे, ते राहिले. भाचा दोन्ही पाय एकदम उचलायला जातो आणि पुन्हा पडतो.

चाकांवरचा_मास्तर

दादा, बरोबर लक्षात आणून दिलेत. आधी दोन्ही गुडघ्यांवर यायचे. मग एक पाऊल पुढे आणून सगळी चाके जमिनीला टेकवायची आणि पायाची बोटे किंचित बाहेर वळवायची, म्हणजे स्केट सरळ पुढे पळत नाही. दोन्ही हात एकावर एक त्या पुढच्या गुडघ्यावर ठेवून दाबायचे आणि उठायचे. दुसरे पाऊल पहिल्याच्या टाचेजवळ आणायचे, बोटे पुन्हा बाहेरच. उठताना भिंत, गाडीचा आरसा किंवा आईचा हात धरू देऊ नका; अर्धवट उठलेले मूल आधार ओढते आणि त्या ओढीने मागे पडते. उठल्यावर लगेच चालू पडायचे नाही, गुडघे वाकवून क्षणभर थांबायचे.

होटगीरोडकर

ताई, शेवटी तुमच्या मुलीच्या स्केटबद्दल. बुटावर आवळायच्या स्केटचे पट्टे सरावात सैल होतात आणि लांबीचा मधला स्क्रू हळूहळू सुटतो. तो दरवेळी पान्याने आवळून घ्या आणि दर दहा मिनिटांनी पट्टे तपासा. बूट कडक तळाचा, नाडीचा आणि घोट्याला घट्ट बसणारा असावा. सँडल किंवा मऊ तळाचे कॅनव्हासचे बूट यात पिळले जातात. पुढचा रबरी ब्रेक झिजून चपटा झाला असेल तर बदलून घ्या. तुमच्यासाठी इनलाइन घेतलेत तर उजव्या टाचेचा ब्रेक काढू देऊ नका. दुकानदार किंवा मोठी मुले 'तो अडतो' म्हणून काढायला सांगतात, आणि शर्यतीच्या स्केटला तो नसतोही, पण ज्याला अजून थांबता येत नाही त्याच्या पायात तो असायलाच हवा.